हब मोटारीची ताकद : वाढते कशी आणि जळते कशी

गांधीबागेच्या कापड बाजारातून इतवारीकडे किंवा मोमीनपुऱ्याकडे माल पोचवायचा म्हणजे पूर्वी हातठेला नाही तर सायकल रिक्षा, ही दोनच साधने होती. आता त्यांची जागा बॅटरीच्या सायकलीने घेतली आहे. मागच्या चाकाच्या मध्यभागी पितळी डब्याएवढी गोल मोटार, दांड्याला बांधलेली बॅटरी आणि कॅरिअरवर अस्तराचा किंवा पॉपलिनचा गठ्ठा. पेट्रोल नको, लायसन नको, गल्लीत कुठेही शिरते. लहान दुकानदाराला ही खरोखर बरकतीची वस्तू आहे.

परंतु वस्तू हाती आली की माणसाचे समाधान होत नाही. "सेठ, मोटारीची पॉवर वाढवून मिळते. करून घेऊ का?" हा प्रश्न आम्हाला आमच्याच दुकानातील मुलाने २०२३ च्या उन्हाळ्यात विचारला, आणि आम्ही ताका मोजता मोजता मान न वर करता "घे करून" म्हणालो. त्याचा परिणाम काय झाला हे पुढे सांगणारच आहोत. त्यानंतर मात्र आम्ही मोटार बांधणारे, सायकलवाले आणि वेल्डिंगवाले अशा जाणत्या कारागिरांजवळ बसून हे प्रकरण समजून घेतले. आमचा धंदा कापडाचा, यंत्राचा नव्हे. त्यामुळे जे समजले ते दुकानदाराच्या भाषेतच लिहीत आहोत.

पॉवर म्हणजे नेमके काय मागता?

गिऱ्हाईक "पॉवर वाढवा" म्हणते तेव्हा त्याच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे ओढ, ज्याला आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक जोर म्हणतो. दुसरी रफ्तार. आणि तिसरी पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती लांब जाते. या तिन्ही एकदम वाढत नाहीत. पुष्कळदा एक वाढवली की दुसरी घटते. म्हणून कारागिराने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की बाबा, तुला गठ्ठा पुलावर चढवायचा आहे की रिकामी सायकल पळवायची आहे?

आता मोटारीच्या पोटात पाहू. मधला भाग एक्सलला घट्ट बसवलेला असतो आणि तो फिरत नाही. त्याच्या खाचांत तांब्याची वाइंडिंग असते. बाहेरच्या कड्याला आतून चुंबके चिकटवलेली असतात आणि हे कडेच चाकाबरोबर फिरते. कार्बन ब्रश नसतात. कोणत्या कॉइलला केव्हा वीज द्यायची हे काम कंट्रोलर करतो. म्हणून मोटारीतून तीन जाड वायरी आणि पाच बारीक वायरी बाहेर येतात. जाड वायरींतून ताकद जाते, बारीक वायरींतून चुंबक कुठे आहे याची खबर येते. ही कल्पना नवी आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याने मागच्या चाकातच मोटार असलेल्या बॅटरीच्या सायकलीचे पेटंट १८९५ मध्ये घेतले होते. १० व्होल्टवर १०० अँपिअरपर्यंत वीज खाणारी त्याची मोटार होती. आजही सगळी ओढाताण याच दोन आकड्यांची आहे.

हब मोटारी दोन जातींच्या. एक थेट फिरणारी, मोठी आणि जड. दुसरी लहान, जिच्या पोटात नायलॉनचे दाते असतात. आतली मोटार साधारण पाच फेरे मारते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. दातेवाली हलकी असते आणि उठताना चांगली ओढते, पण तिच्या आतली उष्णता बाहेर पडायला वाट कमी आणि जास्त करंट दिला की दाते झिजतात किंवा तुटतात. तुमच्याकडे कोणती आहे हे ओळखल्याशिवाय कोणालाही तिला हात लावू देऊ नका.

नियम सोपा आहे : व्होल्ट वाढवले की रफ्तार वाढते, अँपिअर वाढवले की जोर वाढतो. ३६ व्होल्टची बॅटरी काढून ४८ ची लावली तर चाकाचे फेरे एकतृतीयांशाने वाढतात, म्हणजे २५ ची सायकल ३३ वर जाते. आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. आता कोणी चाणाक्ष वाचक विचारील की ४८ व्होल्ट आणि १५ अँपिअरचे ७२० वॉट होतात, मग मोटारीवर २५० कसे लिहिले? त्याचे उत्तर असे की तो आकडा मोटार न तापता अर्धा तास सतत किती ताकद देईल याचा आहे. मिनिटभर ती दुप्पट-तिप्पटही देते. हमाल दोन मणाचा गठ्ठा जिन्यावरून एकदा चढवतो, म्हणून तो दिवसभर तेवढाच चढवील असे कोणी धरून चालत नाही.

हिशेब

व्यापाऱ्याला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, म्हणून आम्ही एक मांडून घेतला. सायकल ३० किलो, चालवणारा ६० आणि गठ्ठा ५० किलो, एकूण १४० किलो. सपाट रस्त्यावर, टायरची हवा नीट असताना, ताशी २० किलोमीटरने जायला चाकावर सुमारे १४० वॉट लागतात. २५ ने जायला सुमारे २१५. आणि ४० ने जायचे म्हटले की सुमारे ६५०. वेग दुप्पट केला, ताकद मात्र साडेचारपट लागली. कारण वारा. वेग वाढतो तसा वाऱ्याचा अडसर त्याच्या कितीतरी जास्त प्रमाणात वाढतो. याचा अर्थ ज्याला ४० ची रफ्तार पाहिजे त्याची बॅटरी तेवढ्याच अंतरात दुपटीहून अधिक रिकामी होणार. मुलाची दहा मिनिटे वाचतील आणि संध्याकाळची खेप बुडेल.

आता पूल धरा. तीस फुटांत एक फूट चढ असेल तर तोच १४० किलोचा बोजा २० च्या वेगाने चढवायला सुमारे ३९० वॉट लागतात. येथे सगळे म्हणतात की मग हळू चढवा. १० च्या वेगाने चढवले तर १७५ वॉटच्या आसपास पुरतात हे खरे, पण यात एक फसवणूक आहे आणि ती आम्हालाही फार उशिरा समजली. चढावर मोटारीला किती जोर लावावा लागतो हे चढ, वजन आणि चाकाचा आकार यांवर ठरते, वेगावर नाही. जोर तेवढाच, म्हणजे वाइंडिंगमधला करंट तेवढाच, म्हणजे दर सेकंदाला तापणेही तेवढेच. हळू चढलात तर पुलावर दुप्पट वेळ लागतो आणि मोटार दुप्पट वेळ तापते. बॅटरीतून निघणारा करंट कमी दिसतो, पण कंट्रोलर तो व्होल्ट कमी करून मोटारीला जास्त अँपिअरच्या रूपात देतो. बॅटरीच्या मीटरवर १५ दिसत असताना मोटारीच्या जाड वायरींत त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वाहत असतात. मोटारी जळतात त्या पळताना क्वचितच. त्या रांगताना जळतात.

मग हळू चढण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पायडल मारले तर. साधा माणूस फार न दमता ७५ ते १०० वॉट पायाने देतो. २० च्या वेगाला त्याच्या पायाचा वाटा चौथा हिस्सा. १० च्या वेगाला तोच वाटा अर्ध्याहून जास्त होतो. आमच्या मुलांना पायडल मारण्याची शरम वाटते, हे दुकानदारांनी लक्षात घ्यावे.

काटा मारलेला तराजू

मोटारीची ताकद वाढवण्याचा जो प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो तो असा. कंट्रोलरच्या पोटात तांब्यासारख्या तारेचा एक लहान तुकडा असतो, त्याला शंट म्हणतात. सगळा करंट त्यातून जातो आणि त्याच्या दोन टोकांमधला फरक मोजून कंट्रोलर ठरवतो की किती अँपिअर वाहत आहेत व कुठे थांबायचे. मिस्त्री त्या तारेवर कथलाचा डाख चढवतो. तार जाड होते, फरक कमी पडतो, आणि कंट्रोलर २२ अँपिअर वाहत असताना १५ च वाहत आहेत असे समजतो. कपड्याच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. हा काटा मारलेला तराजू आहे. पारड्यात दीड किलो आणि काटा एक किलोवर!

जोर वाढतो, यात शंका नाही. मुलगा खूष होतो. पण तांब्याचे तापणे करंटच्या वर्गाने वाढते. १५ चे २२ केले तर ओढ दीडपट आणि उष्णता दुपटीहून जास्त. शिवाय तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. शंभर अंशांनी तापले तर सुमारे ३९ टक्क्यांनी. म्हणजे तापल्यामुळे आणखी तापते. आणि नागपूरचा उन्हाळा विसरू नका. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ वर गेला होता. साधी निओडायमियम चुंबके ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतात. सावलीतच ४५ असताना मोटारीला तापायला फक्त ३५ अंशांची जागा उरते. थंड देशातल्या कोणी केलेला प्रयोग पाहून आपण येथे तेच करणे म्हणजे काश्मिरी पश्मीना मे महिन्यात गांधीबागेत विकण्यासारखे आहे.

आमच्या सायकलीचे असेच झाले. एका मिस्त्रीने (नाव घेत नाही) अर्ध्या तासात डाख चढवून दिला. आठ-दहा दिवस सगळे उत्तम. मग एका दुपारी मुलगा दोन गठ्ठे घेऊन पुलाच्या चढावर गेला. पुढे गर्दी, म्हणून सायकल रांगत होती. जळका वास आला असे तो नंतर सांगत होता, पण त्याला वाटले की शेजारच्या ट्रकचा असेल. हब मोटारीच्या जाड वायरी पोकळ एक्सलमधून बाहेर येतात. ती जागा इतकी अरुंद की वायर जाड घालता येत नाही आणि उष्णता बाहेर जायला वाट नाही. तेथेच वायरींचे प्लास्टिक वितळले आणि दोन वायरी एकमेकींना भिडल्या. असे झाले की मोटार फिरायचे सोडून ब्रेकसारखी धरते. मागचे चाक एकदम जखडले, गठ्ठ्यांसह सायकल आडवी झाली आणि मुलाचे मनगट मोडले. मागून येणाऱ्या बसवाल्याने वेळेवर ब्रेक लावला, ही अल्लाहची मेहरबानी.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला, दोन महिन्यांचा पगार घरी पोचवला. पण त्याच्या आईने विचारले की "सेठ, तुम्हाला माहीत होते का की असे होऊ शकते?" आणि आम्हाला खरे उत्तर द्यावे लागले की आम्ही विचारलेच नव्हते.

कायदा काय म्हणतो

यानंतर आम्ही वकिलाला विचारले तेव्हा आणखी घाम फुटला. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीचे वाहन "मोटार वाहन" मानले जात नाही ते काही अटींवर. मोटारीची अर्ध्या तासाची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी हवी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा, आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने तसे प्रमाणपत्र दिलेले हवे. तोपर्यंत लायसन नको, पासिंग नको, विमा सक्तीचा नाही. ताकद किंवा वेग वाढवला की ही सूट गेली. मग तीच सायकल कायद्याच्या नजरेत बिनानंबरची, बिनाविम्याची मोटार गाडी होते आणि ती चालवणारा आमचा मुलगा बिनालायसनचा चालक.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील कलम १८२ अ बदलले. त्यातील तरतुदीनुसार वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लक्षात घ्या, मालकाला. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मे २०२२ मध्ये अशाच वाढीव ताकदीच्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती आणि आर.टी.ओ. ना कारवाईचे आदेश दिले होते. दंड एक वेळ भरता येईल. पण अशा गाडीखाली कोणी सापडले तर विमा कंपनी नाही, भरपाई दुकानाच्या गल्ल्यातून.

मग ताकद वाढतच नाही का?

वाढते, आणि हलाल मार्गाने वाढते. फक्त मिस्त्री हे सांगत नाहीत, कारण यात डाखाइतका झटपट पैसा नाही.

सर्वांत मोठा फायदा चाकाच्या आकारात आहे. २६ इंची चाकातली मोटार २० इंची चाकात बसवली की तोच बोजा ओढायला मोटारीला जोर १.३ पटीने कमी लागतो. करंट तेवढ्याने कमी, आणि वर्गाच्या नियमाने वाइंडिंगचे तापणे जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. एक रुपयाची वीज न वाढवता पुलावर मोटार थंड! मालेगाव-भिवंडीच्या पॉवरलूमवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मोटार तीच ठेवून पुली बदलायची, हा त्यांचा रोजचा खेळ आहे. तोटा एवढाच की रफ्तारही त्याच प्रमाणात उतरते. २५ ची सायकल १९ वर येते. बाजाराच्या गर्दीत १९ ने कोणाला जाता येते, हे आम्हाला कोणी दाखवावे. शिवाय गठ्ठा जमिनीजवळ येतो आणि सायकल कलंडत नाही.

नवी मोटार घेताना वॉट विचारू नका, फेरे विचारा. २६ इंची चाकाला ताशी २५ साठी मिनिटाला सुमारे २०० फेरे पुरतात, २० इंचीला सुमारे २६०. विकणारे पुष्कळदा ३०० फेऱ्यांच्या वरची मोटार "फास्ट" म्हणून मोठ्या चाकात गळ्यात मारतात. माल वाहणाऱ्यासाठी ती वाईट, कारण ती तिला पाहिजे त्या फेऱ्यांवर कधी पोचतच नाही आणि अर्ध्या फेऱ्यांवर तापत राहते.

आता आमच्या वाइंडिंगवाल्या बांधवांसाठी थोडे. नागपुरात कूलरच्या मोटारी बांधणाऱ्यांची कमी नाही. मार्च ते जूनपर्यंत त्यांना नमाजापुरतीच उसंत मिळते. हब मोटारही त्यांच्या हातची आहे, मात्र एक गैरसमज काढून टाकावा. कमी वळणे आणि जाड तार घातली की मोटार "ताकदवान" होते, असे नाही. ती वेगवान होते आणि तेवढाच जोर द्यायला जास्त करंट मागते. स्टारचे डेल्टा केले तर फेरे १.७३ पट, पण दर अँपिअरमागे जोर तेवढ्याच पटीने कमी. पंपाच्या मोटारींवर हात बसलेल्या कोणालाही हे पटेल. खरा फायदा एकाच गोष्टीत आहे : खाचेत एकूण तांबे किती भरले. कारखान्यात यंत्राने भरलेल्या वाइंडिंगमध्ये पुष्कळ जागा मोकळी राहते. धीराने हाताने भरली तर त्याच खाचेत जास्त तांबे बसते, विरोध कमी होतो आणि त्याच जोराला मोटार कमी तापते. तार मात्र १५५ किंवा १८० अंश सोसणाऱ्या मुलाम्याची घ्या. स्वस्त तारेत वाचवलेले पैसे पहिल्याच उन्हाळ्यात जातात. आणि मोटार उघडलीच आहे तर एक्सलमधल्या तीन वायरी टेफ्लॉनच्या घालून द्या. प्लास्टिक पातळ असल्यामुळे त्याच भोकात जास्त जाड तांबे बसते, आणि उष्णतेने ते वितळत नाही. आमच्या सायकलीत ही एक गोष्ट असती तर मनगट वाचले असते.

थंड करण्याचे उपाय विचारणारेही पुष्कळ. थेट फिरणाऱ्या मोटारीत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असलेले तेल काही मिलिलिटर घालतात. चुंबकांच्या ओढीने ते मधल्या फटीत टिकून राहते आणि आतली उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत पोचवते. हे तेल मुळात अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६३ मध्ये अवकाशयानाच्या इंधनाचा विचार करताना निघाले. उपाय चांगला आहे, पण दातेवाल्या मोटारीला लागू नाही. काही जण झाकणाला भोके पाडतात. आपल्या शहरात उन्हाळाभर धूळ आणि नंतर मुसळधार पाऊस. भोकांतून दोन्ही आत जाणार आणि पत्र्यांना गंज धरणार. आम्ही तरी सांगणार नाही.

फुकट मिळणारी ताकद तर कोणी मोजतच नाही. टायरमध्ये हवा कमी, ब्रेक घासतो आहे, बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत वीतभर जास्त लांब आणि बारीक वायर, सैल झालेला जोड. एकदशांश ओहमचा जोड १५ अँपिअरला २२ वॉट खातो. २५० वॉटच्या मोटारीत हा अकरावा-बारावा हिस्सा झाला. जोडावर हात ठेवून पाहा. गरम लागला तर तेथे तुमचा पैसा जळतो आहे. जुनी बॅटरी हाही मोठा चोर. उभी असताना ३८ व्होल्ट दाखवते आणि चढावर ३१ वर कोसळते. मालक म्हणतो मोटार कमजोर झाली. मोटार जशी होती तशीच आहे.

बॅटरीबद्दल कापड व्यापाऱ्यांना वेगळे सांगितले पाहिजे. बॅटरीच्या आत बी.एम.एस. नावाची चकती असते. ती सेल जास्त भरू देत नाही आणि जास्त करंट निघाला की पुरवठा तोडते. ताकद वाढवणारे मिस्त्री ही "अडचण" काढून टाकायला तयार असतात. आमच्या मिस्त्रीनेही तसे सुचवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मुलगा दगावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून केंद्राने नोंदणीच्या वाहनांच्या बॅटरीसाठी ए.आय.एस. १५६ हे कडक निकष टप्प्याटप्प्याने लागू केले. आपल्या दुकानात चारी भिंतींना कापड. तेथे रात्री शटर ओढून आत चार्जिंग लावून जाणे म्हणजे काय, हे लिहून सांगण्याची गरज नसावी. चार्जिंग दिवसा, माणूस समोर असताना, ओट्यावर किंवा बाहेर पत्र्याखाली, आणि बॅटरीबरोबर मिळालेल्या चार्जरनेच.

वेल्डिंगवाल्यांसाठी एक चांगले काम आहे, जे नागपुरात फार थोडे जण करतात. हब मोटार चाक जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने एक्सलला मागे पिळते. चिमट्याच्या खाचेत एक्सल फक्त दोन चपट्या बाजूंवर धरलेला असतो. नट थोडा सैल पडला की एक्सल खाच रुंद करून फिरतो, वायरी पिळून तोडतो आणि चाक निसटते. उपाय म्हणजे एक्सलच्या चपट्या बाजूवर घट्ट बसणारी जाड पोलादी पट्टी, जिचे दुसरे टोक चिमट्याला बांधलेले. दोन्ही बाजूंना एकेक. साध्या २५० वॉटच्या सायकलीलाही ती असावी. माल वाहणारीला तर असलीच पाहिजे.

ज्याला रोज दोनशे किलो न्यायचे आहेत त्याने सायकलीच्या मोटारीशी झगडू नये. नोंदणीची, हिरव्या पाटीची मालवाहू तीनचाकी घ्यावी. जुन्या पेट्रोलच्या गाडीला विजेची करायची असेल तर त्यालाही कायदेशीर वाट आहे. ए.आय.एस. १२३ प्रमाणे पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या संस्थेने मंजूर केलेला संच बसवून आर.टी.ओ. कडे नोंद करता येते. आपल्या तरुण कारागिरांनी असा संच बसवण्याचे अधिकृत काम मिळवले तर डाख चढवण्यापेक्षा ते कितीतरी टिकाऊ ठरेल.

मिस्त्री बांधवांना एक आठवण. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात असे सांगितले जाते की भागीदाराने एक ऐब असलेले कापड ऐब न सांगता विकले, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. डाख चढवलेला कंट्रोलर घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला किती लोक सांगतात की ही वस्तू आता कायद्याबाहेर गेली आणि उन्हाळ्यात जळू शकते?

आमची ती सायकल आता २० इंची चाकावर आहे. वाइंडिंग मोमीनपुऱ्यातल्या एका वयस्क कारागिराने पुन्हा बांधली, कंट्रोलर नवा आणि न छेडलेला आहे. मुलगा परत कामावर आला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याने सायकलीला हात लावला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. आता एका खेपेत एकच गठ्ठा जातो. दोन असतील तर दोन खेपा. पुलावरून उतरल्यावर तो थांबतो आणि हबच्या झाकणावर तळहात ठेवतो. मनात पाच मोजेपर्यंत हात ठेवता आला तर पुढे जातो, नाही तर सावलीत चहा घेतो. त्या चहाचे पैसे दुकानाच्या खर्चात लिहिले जातात.